सुलोचनाची हजेरी

निकम गुरुजी आमच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा आई पानं भिजवत होती, सुली विड्या वळत होती आणि मी नेहमीप्रमाणे काहीच करत नव्हते. एप्रिल महिना होता. चौथीची परीक्षा संपली होती, शाळा नुसती नावाला भरत होती. गुरुजींनी सायकल बाभळीला टेकवली, टोपी काढून कपाळाचा घाम पुसला आणि बाहेरूनच विचारलं, "सुलोचना आहे का घरात?"

आम्ही दोघीही उठून उभ्या राहिलो.

सुली इतक्या झटक्यात उठली की तिच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि तंबाखू जमिनीवर सांडली. एरवी तिच्या हातून चिमूटभरही कधी सांडायची नाही. आईने हातातली पानं तशीच पाण्यात सोडली आणि माझ्याकडे बघितलं. मी सुलीकडे बघितलं. सुली गुरुजींकडे बघत होती. एका घरात दोन सुलोचना कशा, असं गुरुजींनी विचारलं तर काय सांगायचं, ते साडेतीन वर्षांत आम्ही ठरवलंच नव्हतं.

खरी सुलोचना ती. माझं नाव कडू. कडूबाई. माझ्या आधीचा भाऊ सव्वा महिन्याचा होऊन गेला होता. आमच्याकडे आधीचं मूल असं गेलं की पुढच्याला कडू, दगडू, धोंडी असलं काहीतरी नाव ठेवतात, म्हणजे मरणाने तोंडात धरलं तरी थुंकून टाकावं. मला मरणाने थुंकलं खरं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सुलीचं नाव मात्र आत्याने हौसेने ठेवलेलं, चांगलं चार अक्षरी. घरात त्या चार अक्षरांची दोनच उरली होती एवढंच.

सुलीला पहिलीत घातलं तेव्हा ती सात वर्षांची होती, मी पाच. जून ते दिवाळी ती नेमाने शाळेत गेली. दिवाळीत वडील गेले. ते सिन्नरच्या बाजारात हमाल होते, पोत्यांच्या थप्पीवरून पडले. आई आधीपासून विड्या वळायचीच, पण तिच्या एकटीच्या हातांवर तीन तोंडं भागेनात. सुट्टी संपली, शाळा उघडली, पण सुलीच्या मांडीवर आलेलं सूप काही खाली उतरलं नाही.

माझ्याही मांडीवर ते ठेवून बघितलं होतं. पण माझ्या हाताला वळणच नव्हतं. मी वळलेली विडी मध्येच पोट सोडायची, नाहीतर दोरा बांधताना पान फाटायचं. कारखान्यात तपासणारा माणूस अशी विडी बोटांनी चुरगाळून बाजूला टाकायचा आणि वर आईला चार शब्द ऐकवायचा. आठवड्याभरात आईने माझ्या हातातली कातर काढून घेतली.

"ह्या पोरीचा काय उपेग?" ती म्हणाली.

माझा उपयोग तिला दुसऱ्याच दिवशी सापडला.

त्या काळी शाळेतून महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, पण हजेरी भरली असेल तरच. सुलीची हजेरी बुडत चालली होती. नाव कटलं की तांदूळही कटणार. आणि नेमके दिवाळीनंतर जुने गुरुजी बदलून गेले आणि निकम गुरुजी आले. ते सिन्नरहून सायकलवर यायचे, शाळा सुटली की परत जायचे. आमच्या वाडीत कोण कुणाचं, ते त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आईने माझे केस खसाखसा विंचरले आणि दोन घट्ट वेण्या घातल्या.

"कडे, नीट आईक. गुरुजी म्हन्तील, सुलोचना. तू म्हनायचं, हजर. बास. बाकी तोंड उघडायचं न्हाई."

"पन मी तं कडू हाये ना?"

"घरात. शाळंत न्हाई."

"मंग सुली कोन?"

आईचा हात थांबला. "सुली सुलीच. ती पुढल्या वर्साला जाईल परत. तवर तू तिची जागा धरून बस. यष्टीत रुमाल टाकत्यात ना, तसं."

तर अशी मी रुमाल झाले. पहिल्या दिवशी गुरुजींनी "सुलोचना" म्हटल्यावर मी इतक्या मोठ्याने "हजर" ओरडले की त्यांनी चष्म्यावरून बघितलं. वाडीतल्या पोरांना सगळं ठाऊक होतं. शाळेच्या ओट्यावर चपला काढाव्यात तसं ती माझं खरं नाव बाहेर काढून यायची. आत सुलोचना, बाहेर कडू. कुणी चुगली केली नाही. निम्म्या घरांत असलंच काहीतरी शिजत होतं, आणि त्यात तांदूळ शाळेचाच होता.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी सुलीने मला समोर बसवलं. तिच्या मांडीवर सूप, डाव्या हातात कापलेलं पान, उजव्या हाताच्या चिमटीत तंबाखू.

"सांग, आज म्या काय शिकले?"

"तू कशी शिकशील? मी गेले व्हते."

"नाव कुनाचं घेतलं गुरुजींनी?"

"तुपलं."

"मंग म्याच शिकले. सांग."

तिचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं. मी सांगितलं. मग ते रोजचंच झालं. मी शाळेतून येऊन भाकरीचा तुकडा तोंडात घालते न घालते तोच तिचा प्रश्न तयार असायचा. पुस्तक ती हातात घ्यायची नाही. हाताला तंबाखू लागलेली, पानांना डाग पडले तर गुरुजी विचारतील ही भीती. आणि मुळात हात रिकामे नसायचेच. म्हणून सगळं तोंडी. मी सांगायचं, तिने ऐकायचं, आणि ऐकता ऐकता विडी वळून, दोरा बांधून, तोंड मुडपून सुपाच्या कडेला लावायची.

तिची आठवण अशी दांडगी की मलाच कानकोंडं व्हायला व्हायचं.

"काल तं तू म्हनली व्हती नऊ साते त्रेसष्ट. आज बासष्ट कसं?"

"चुकून निघालं."

"मपल्या नावावर चुका करू नको."

दरवर्षी जून आला की ती आईला विचारायची, "औंदा मी जाऊ?" आणि आई म्हणायची, "औंदा राहू दे, पुढल्या वर्साला बघू." पुढलं वर्ष म्हणजे पुढलंच राहायचं. सुलीची बोटं एव्हाना मोठ्या बायांच्या तोडीने चालायला लागली होती आणि माझी बोटं होती तशीच होती. मला माझ्या नावाने पहिलीत घालावं, असंही आईच्या एकदा मनात आलं होतं. पण मी पहिलीत जाऊन बसले तर दुसरीतल्या सुलोचनाची हजेरी कोण देणार? एका अंगाला दोन हजेऱ्या देता येत नाहीत.

पहिली दोन वर्षं मी सुलीला सगळं खरं सांगितलं. हे मी देवाशपथ सांगते, कारण पुढचं सांगायची मला लाज वाटते.

तिसरीत मला शाळा आवडायला लागली. ज्या हाताला विडी वळता आली नाही, त्याच हाताला अक्षराचं वळण चांगलं होतं. गुरुजी माझी वही अख्ख्या वर्गाला फिरवून दाखवायचे. "सुलोचनाचं अक्षर बघा, नाहीतर तुमचे कोंबडीचे पाय." मी फुगायचे. आणि घरी आलं की ती समोर बसलेली असायची, त्या नावाची मालकीण, तंबाखूने पिवळी झालेली बोटं घेऊन, "आज म्या काय शिकले" म्हणत. मला तिचा राग यायला लागला. धरून ठेवलेल्या जागेवर आता रुमालालाच बसून राहावंसं वाटत होतं.

एका संध्याकाळी मला पोरींबरोबर सागरगोटे खेळायला जायचं होतं आणि सुली सोडेना.

"एवढं सांग आन् जा. आज म्या काय शिकले?"

"बेडकाचं," मी म्हटलं. "बेडूक म्हातारा झाला का त्याचं कासव व्हतं."

तिचा हात थांबला. मला वाटलं, आता पकडलं. पण ती विचार करत होती.

"तरीच," ती म्हणाली. "दोघं बी पान्यात ऱ्हात्यात."

मी बाहेर जाऊन पोट धरून हसले. पोरींना सांगितलं, त्याही हसल्या. दुसऱ्या दिवशी मी आणखी एक पुडी सोडली. मग सवयच लागली. चार खरं सांगायचं, दोन मनचं घालायचं. पुढे पुढे दोन खरं आणि चार मनचं. ती सगळं डोक्यात जपून ठेवायची. मला वाटायचं, ही गंमत आहे. अर्धी गंमत होतीच. पण उरलेली अर्धी काय होती, तेही मला कळत होतं, आठ-नऊ वर्षांच्या पोरीला कळतं तेवढं. सुली शिकून तयार झाली असती तर तिने जागा परत मागितली असती.

चौथीची परीक्षा झाल्यावर गुरुजींनी मला थांबवून घेतलं. नाशिकला मुलींचं एक वसतिगृह होतं. पाचवीपासून राहणं, जेवण, वह्या-पुस्तकं सगळं फुकट. आमच्या शाळेतून एका मुलीचं नाव पाठवायचं होतं. "आईला सांग, दाखला तयार करतो, येऊन अंगठा घेतो," गुरुजी म्हणाले. मी घरापर्यंत धावत आले.

आईने हातातली विडी पुरी केली. मग म्हणाली, "रोज दोन येळंला जेवाया देत्यात?"

"हो."

"पाचवीला मी जानार व्हते," सुली म्हणाली.

आईने पानांवर पाणी शिंपडलं.

"आई, तूच म्हनली व्हती. चौथी झाली का कडूला घरी बशिवते आन् तुला धाडते. म्हनली व्हती का न्हाई?"

"म्हनले आसंल," आई म्हणाली. "पन दाखला एकच निघंल, सुले. कडूचं नाव तं कागदावर कुढंच न्हाई. ती पहिलीपासून कधी बसायची? ती वळती न्हाई, ती शेतात चालत न्हाई. तुपल्या हाताला कामाचं वळन हाये."

"मंग मपल्या हाताला वळन हाये म्हनून म्या घरी बसायचं?"

 आईने पान उचललं आणि त्यावर पत्र्याचा साचा ठेवून कापायला लागली. मी सुलीकडे बघायचं टाळत कोपऱ्यात बसून राहिले.

तीन दिवस सुली माझ्याशी एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी दुपारी तिने केस धुतले, दोरीवरचा धुतलेला परकर घातला आणि "विहिरीवरून येते" म्हणून गेली. कळशी घरातच राहिली होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आली ती बऱ्याच वेळाने. हातपाय धुऊन सुपाशी बसली. त्या संध्याकाळीही तिने मला काही विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी दारात आले, आणि आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो.

आईने गोणपाट अंथरलं, तांब्याभर पाणी आणून ठेवलं. गुरुजी बसले. पिशवीतून दाखल्याचा कागद काढून त्यांनी गुडघ्यावरच्या पाटीवर ठेवला. पण माझ्याकडे ते बघतच नव्हते. ते सुलीकडे बघत होते.

"बाळ, तू कोण?" त्यांनी विचारलं.

"थोरली मपली," आई घाईघाईने म्हणाली. "ती न्हाई जात शाळंत. हिचं डोकं न्हाई चालत त्यात."

"तिला बोलू द्या, बाई." गुरुजींचा आवाज वर्गातला नव्हता, फार हळू होता. "तुझं नाव काय, बाळ?"

त्या वेळी मी देवाकडे काय मागितलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हिची वाचा बसू दे, असं मागितलं. आपल्या सख्ख्या बहिणीसाठी.

सुलीने परकराला हात पुसले. पुन्हा पुसले. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय आहे ते मला वाचता आलं नाही. राग असेल म्हणून मी खाली बघितलं.

"कडू," ती म्हणाली. "कडूबाई."

"नक्की?"

"व्हय."

"मग ही कोण?"

"ही सुलोचना. मपली धाकली बहीन."

"आणि तुला नाही यायचं शाळेत?"

"मला न्हाई आवडत शाळा. डोकं दुखतं."

 गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "मग लिहू मी?" त्यांनी विचारलं. आईला नाही, मला नाही, तिला विचारलं.

"लिवा," सुली म्हणाली.

त्यांनी लिहिलं. आईच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला. कागद पिशवीत घातला आणि पाण्याला हातही न लावता उठले. सायकल बाभळीपासून काढताना त्यांनी एकदा वळून बघितलं. सुली जमिनीवर सांडलेली तंबाखू चिमटीचिमटीने गोळा करत होती.

संध्याकाळी आईने पहिली भाकरी सुलीच्या ताटात टाकली. नेहमी पहिली भाकरी मला मिळायची, मी लहान म्हणून. जेवण झाल्यावर मी सुलीजवळ गेले.

"तू असं का सांगितलं?"

"तुला विड्या वळता येत न्हाईत," ती म्हणाली. "घरी राहून काय उजेड पाडशील?"

मी ते खरं मानलं. ते मानणं सोयीचं होतं. जूनमध्ये मी नाशिकला गेले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं सगळं सरळ आहे. वसतिगृहात मी बारावीपर्यंत राहिले. मग परीक्षा दिली आणि पोस्टात लागले. तालुक्याच्या ठिकाणी खिडकीमागे बसते. समोर पाटी आहे, त्यावर सुलोचना हे नाव आहे. सुलीचं अठराव्या वर्षी संगमनेरच्या बाजूला लग्न झालं. पत्रिकेवर 'चि. सौ. कां. कडूबाई' छापलेलं वाचून नवऱ्याकडची माणसं हसली. तीही हसली. तिचं रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, बँकेचं पुस्तक, सगळीकडे कडूबाई आहे. मी तिला आक्का म्हणायला लागले, तेव्हापासून तिला कुठल्या नावाने हाक मारायची हा प्रश्न मिटला.

गेल्या थंडीत खिडकीपुढे एक म्हातारे गृहस्थ आले. कानटोपी, हातात काठी. पासबुक त्यांनी खिडकीतून पुढे सरकवलं. पासबुकावर नाव वाचलं आणि मी खिडकी सोडून बाहेर आले. भर पोस्टात निकम गुरुजींच्या पाया पडले.

"सुलोचना ना तू?" ते म्हणाले. "पाटीवर नाव वाचलं तेव्हाच वाटलं." मग चष्मा सारखा करून त्यांनी विचारलं, "आणि ती खरी सुलोचना कशी आहे?"

 मी त्यांना बाकावर बसवलं, शेजारी बसले.

"तुम्हाला माहीत होतं, गुरुजी?"

"तुमच्या घरी आलो त्याच्या आदल्या दिवशी कळलं. ती आली होती ना शाळेत. भर दुपारी, पोरं घरी गेल्यावर, एकटी, ओले केस. म्हणाली, गुरुजी, सुलोचना मी हाये. हजर म्हणती ती मपली बहीन हाये. दाखला मला द्या. मी म्हटलं, अगं, तू वर्गात बसली नाहीस, पाचवीत जाऊन काय करशील? तर म्हणाली, मी रोजचं रोज शिकले, घरी. काय बी इचारा."

"मग?" मी विचारलं. 

"विचारलं की. दिशा किती? म्हणाली, पाच. म्हटलं, पाचवी कुठली? तर म्हणाली, आपुन उभं ऱ्हातो ती." गुरुजी हसले. "तेराचा पाढा म्हण म्हटलं, तर म्हणाली, तो सरकारनं बंद केलाय. सूर्य मावळला की कुठे जातो? म्हणाली, मुंबईला. तिढं समुद्रात इझवत्यात आन् सकाळी पुन्यांदा पेटवत्यात. काय खात्री होती त्या पोरीच्या बोलण्यात! मला हसू आवरेना. मी हसलो, सुलोचना. खूप हसलो. आणि हसता हसता तिच्या तोंडाकडे लक्ष गेलं. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. तिला काहीतरी कळलं होतं. काय, ते मला आजही माहीत नाही. ते सगळं तिने कुठून आणलं, देव जाणे."

मला माहीत होतं. पाचवी दिशा मी शोधून काढली होती. तेराचा पाढा मला पाठ होत नव्हता म्हणून सरकारकडून मीच बंद करून घेतला होता.

"मग मी तिला म्हटलं," गुरुजी सांगत होते, "बाळ, दाखला एकच निघेल. खरं लिहायला गेलो तर दोघींचंही सगळं रद्द होईल, वर तुझ्या आईला जाब विचारतील. उद्या मी घरी येतो. तू तुझं जे नाव सांगशील, ते खरं धरून लिहितो." त्यांनी काठीवर हात दाबले. "अकरा वर्षांच्या पोरीवर मी ते टाकलं. माझ्याने ठरवेना म्हणून तिच्यावर टाकलं. तेवढं माझ्या हातून व्हायला नको होतं."

त्यांना वाटत होतं, चूक त्यांची आहे. मी त्यांना खरं सांगितलं नाही. पासबुक भरून दिलं, रिक्षात बसवून दिलं आणि परत येऊन खिडकीमागे बसले. संध्याकाळपर्यंत मला एकाही माणसाचं बोलणं नीट ऐकू आलं नाही.

रविवारी मी सुलीकडे गेले. नवरा रानात गेलेला, पोरगी शिकवणीला. सुली ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सूप. मी समोर बसले. वाटेत जे जे ठरवलं होतं त्यातलं काहीच आठवेना.

"निकम गुरुजी भेटले होते," मी म्हटलं.

"हायेत का अजून? बरं हाये." तिची बोटं चालूच होती.

"तू शाळेत गेली होतीस. त्यांनी तुला प्रश्न विचारले होते."

तिने पुढचं पान उचललं.

"आक्का, मी तुला खोटं शिकवलं. चुकून नाही. मुद्दाम."

"ठावं हाये," ती म्हणाली. "गुरुजी हसले तवाच समाजलं. म्हनलं, हे तं कडीचं काम."

"मग घरी येऊन मला बदडलं का नाहीस? आईला का सांगितलं नाहीस?"

"लय मनात आलं व्हतं. वाटंनं येताना ठरवलं बी व्हतं. उद्या गुरुजी आले का मपलं नाव सांगायचं आन् ह्या भवानीला सुपाशी बशिवायचं. रडू दे. बोटं सोलू दे." तिने दोरा दातांनी तोडला. "मंग इचार केला, नाव घेऊन काय करू? दाखला मपला, पन डोक्यात समदं खोटं भरल्यालं. तिढं नाशिकला पोरी बी हसत्याल. तुला निदान खरं काय ते ठावं व्हतं. खोटं सांगायला बी आधी खरं म्हाईत लागतं, कडे."

मला रडू फुटलं. माफ कर, एवढंच म्हणत राहिले. पोस्टात बसणारी, शिकलेली बाई मी, तिच्या पायाशी बसून हुंदके देत होते.

"मागं सर," ती म्हणाली. "तंबाखूत पानी पडंल."

मी मागे सरकले. डोळे पुसले. तिने हातातली विडी बांधून पुरी केली. मग तिने मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं.

"गुरुजींनी तुला समदं न्हाई सांगितलं पन," ती म्हणाली.

"काय राहिलं?"

"त्यांनी आधी पाटी दिली व्हती. म्हनले, मुळाक्षरं काढ. म्या काढली. म्हनले, पन्नासपस्तोर आकडे म्हन. म्हनले. पहिलीचं पुस्तक पुढं केलं, त्यातलं कमळ, बदक, छत्री, समदं वाचून दाखिवलं. एक बी चुकलं न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला ते सांगताना बरं वाटत होतं, आणि मी ऐकावं असं तिला मनापासून वाटत होतं.

"दिवाळीपस्तोरचं समदं बरूबर आलं, कडे," ती म्हणाली. "ते म्या सोता शिकले व्हते."